कपबशी विरुद्ध शिलाई मशीन

शहाण्णव साली नगरपालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. ही बातमी मी कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात ऐकली आणि सायकलवरून घरी पोचेपर्यंत बायकोला उभं करायचं ठरवूनही टाकलं. (कारभार मीच बघणार होतो, तिला फक्त सह्या करायच्या होत्या. हे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तिला सांगायचं तेवढं राहिलं.)

पुष्पा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती.

"मी सभेत काय बोलू?"

"तू कशाला? मी बोलेन."

"मग उभी कोण राहणार?"

"तू."

तिने भाकरी उलटली. मी तो होकार समजलो.

फॉर्म भरायच्या दिवशी आमच्या ऑफिसातला मोतीलाल म्हणाला, "आधारभाऊ, डमी भरला का? वहिनींचा फॉर्म छाननीत उडाला तर?" झालं! घरात दुसरी बाई म्हणजे माझी माय, द्रौपदाबाई. तिचाही फॉर्म भरला. "माय, नुसती सही कर. नंतर माघार घेऊ," असं तिला समजावलं.

छाननीत दोन्ही फॉर्म पास झाले. माघारीच्या शेवटच्या दिवशी मुदत होती दुपारी तीनपर्यंत. मायच्या सहीचा माघारीचा कागद खिशात घालून मी सकाळच्या एस.टी.ने जळगावला गेलो, पत्रकं छापायला. येता येता कागद देऊ, असा हिशेब.

प्रेसवाल्याने पहिला नमुना दाखवला. 'सौ. पुष्पाबाई' ठळक, आणि तळाशी 'आधार झुलाल पाटील यांच्या पत्नी' मुंगीएवढ्या अक्षरात. मला चैन पडेना. म्हटलं, खालचं जरा मोठं करा. मग आणखी जरा. तिसऱ्या नमुन्यात माझं नाव तिच्या नावापेक्षा मोठं झालं, तेव्हा प्रेसवाला चष्मा काढून म्हणाला, "साहेब, उभं नक्की कोण आहे?"

या अक्षरांच्या नादात दीडची गाडी चुकली. कचेरीत धापा टाकत पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"म्हणजे दोघी उभ्या?" मी अधिकाऱ्यांना विचारलं.

"दोघी," ते म्हणाले आणि त्यांनी फाइल बांधली.

घरी मी हे चपला न काढताच सांगितलं. (पळायची सोय असावी.) पुष्पा उठून चुलीकडे गेली. मायने मात्र शांतपणे विचारलं, "मनं चिन्ह काय शे?"

"कपबशी."

"आनि हिनं?"

"शिलाई मशीन."

माय खूश झाली. "मशीन कोना घर शे? कपबशी बठ्ठासना घर शे." (खरं होतं; कपबशी सगळ्यांच्याच घरी असते.)

तिथून पुढे मला बसवेना की उभं राहवेना. गल्लीत कुणीही अडवायचं, "आधारभाऊ, मत कोणाला?" मी म्हणायचो, "आमच्या घरात." "घरात कोणाला?" की मला एकदम काहीतरी काम आठवायचं. जेवताना मायच्या हातच्या भरताला छान म्हटलं, तर पुष्पाच्या हातची भाजी पानात येईनाशी झाली. पुष्पाच्या भाजीला छान म्हटलं, की माय पाण्याचा तांब्या दूर सरकवायची.

तिसऱ्या दिवशी दोघी प्रचाराला निघाल्या. त्याही बरोबरच! एकटीने दारोदार फिरायची दोघींनाही लाज वाटत होती. मला राहवेना. मी हातगाडीच्या आडून मागे मागे गेलो.

गल्लीतल्या भागाबाईच्या दारात पुष्पा म्हणाली, "नळाला रोज पाणी आणीन." माय म्हणाली, "मी बी आनसू."

"मग दोघींत फरक काय?" भागाबाईने विचारलं.

पुष्पाने विचार केला. "मी निवडून आले तर कारभार हे बघतील."

माय ताडकन म्हणाली, "मी निवडी उनू ते आधार घर बसी!"

भागाबाई इतकी हसली की शेजारच्या चार बायका बाहेर आल्या. त्यांना ते पुन्हा सांगण्यात आलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डाला मायचा 'आधार घरी बसेल' हा जाहीरनामा पाठ झाला होता.

रात्रीची वाट कशाला बघा, दिवेलागणीलाच मी पुष्पावर चिडलो. "असं सांगतात का लोकांना?"

"खोटं होतं का?" तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली. "मला सहीपुरती उभी केली, हे भागाबाईलाही माहीत होतं. मला तिच्याकडून कळलं." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मी आईंनाच मत देणार आहे."

मी ओट्यावर जाऊन उगाच सायकल पुसत बसलो.

मतमोजणीला मी नखं खात उभा होतो. तिसरी उमेदवार, ठेकेदाराची बायको मंदाबाई, पडली. माय दणदणीत निवडून आली. शिलाई मशीनला एक मत पडलं. (ते कोणाचं, हे गल्लीने मला आठवडाभर विचारलं.)

पहिल्या सभेला मी इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन निघालो. माय पुढे, तिला कागद वाचून दाखवायला पुष्पा तिच्याबरोबर. दोघी आत गेल्या. वना शिपायाने मला दारातच हात आडवा घातला.

"तुम्ही कोण?"

"नगरसेविकेचा... घरचा माणूस."

"पती का? पतींसाठी व्हरांड्यात बाक टाकलाय." तिथे पाचसहा पती पाय लांबवून चहा पीत बसले होते.

"पती नाही. मुलगा."

वनाने मला खालपासून वर, टकलापर्यंत, नीट न्याहाळलं.

"मग फाटकाबाहेर थांबा," तो म्हणाला. "लेकरं आत घ्यायची नाहीत, अशी ऑर्डर आहे."