एसीचा कौल

“दादा, एसी लावशील न्हवं?” प्रियदर्शनीनं पुन्हा विचारलं, तेव्हा जयराज गाडीच्या पुढच्या काचेवरून मऊ फडकं फिरवत होता.

“लावतो म्हनलं की गं.”

“आजीला उकाडा सोसत न्हाई. वाटंत कावली तर इथं येऊन तोंड वाकडं करून बसंल. बाकी सगळ्यांचं हो हाय, एकट्या तिचंच अडलंय.”

ते जयराजला ठाऊक होतं. प्रियदर्शनी त्याची धाकटी बहीण, मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. तिथंच एक्सरे काढणारा विश्वजीत तिला पसंत पडला होता आणि ती त्याला. मुलाचे आईवडील गेल्या महिन्यात उंब्रजजवळच्या या घरी येऊन, पोटभर जेवून, खूश होऊन गेले होते. अडून बसली होती ती मुलाची आजी, रंगूबाई. रात्रपाळी करणारी नातसून तिला नको होती. वाद वाढला तेव्हा भर भावकीत ती म्हणून गेली होती, “पालीच्या खंडोबानं सोता हो म्हनल्याबिगर मी हो म्हननार न्हाई.” आणि रंगूबाईचा शब्द एकदा तोंडातून बाहेर पडला की तो आत घेण्याची सोय त्यांच्या घराण्यात नव्हती. आज तिचा मुलगा, म्हणजे मुलाचा बाप, निवृत्त सुभेदार आकाराम, कशीबशी समजूत काढून तिला मुलगी बघायला घेऊन येत होता. रेल्वेनं कराडपर्यंत आणि तिथून पुढं जयराजच्या गाडीनं.

अडचण एवढीच होती की गाडी दारात आल्यापासून जयराजनं एसी एकदाही लावला नव्हता.

गाडी सेकंडहँड, पण पांढरीशुभ्र. पाडव्याला आली. ती येण्यापूर्वी जयराजला सल्ला द्यायला कुणी नव्हतं. ती आल्यावर मात्र ज्याच्या दारात सायकल नाही तोही टायरला लाथ मारून हवा तपासून जाऊ लागला. एक सांगे, सकाळी इंजिन जरा गरम होऊ द्यावं. दुसरा सांगे, उगाच पेट्रोल जाळू नये. एक म्हणे सीटवरचं प्लॅस्टिक राहू दे, दुसरा म्हणे आजच फाड. पतसंस्थेतला कारकून असल्यामुळं जयराजला कुणाचंही ऐकून घ्यायची सवय होती. त्यानं सगळ्यांचं ऐकलं. प्लॅस्टिक निम्म्या सीटांवर ठेवलं आणि निम्म्यांवरचं फाडलं.

त्यातले तीन सल्ले मात्र त्याला भोवणार होते. पहिला सल्ला पुण्याच्या मेव्हण्याचा. इंद्रजित दोन दिवस राहायला आला आणि एसीचा फिल्टर काढून हातात नाचवत म्हणाला, “भावजी, हा बघा, चोंदलाय. फेकून द्या. बिनफिल्टरची हवा मोकळी येती.” दुसरा सल्ला शेजारच्या दादासोचा. हा माणूस सैन्यात ट्रक चालवून आलेला, त्यामुळं चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचा शब्द अखेरचा. पालीला गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, टायरखाली लिंबं गेली, जयराजनं बॉनेटवर भंडारा उधळला. तेव्हा दादासो म्हणाला, “आरं गड्या, पत्र्यावर टाकून काय हुतंय? वाऱ्यानं उडून जातंय. काचंखाली ही काळी जाळी हाय का न्हाई? हितनं आत सोड. देव गाडीच्या आत बसला पायजे.” जयराजनं भंडाऱ्याची अख्खी पिशवी जाळीत रिकामी केली. आणि तिसरा सल्ला पतसंस्थेतल्या साहेबांचा, की एसी लावला की अॅव्हरेज ढासळतं. तेव्हापासून जयराज ऐन वैशाखात काचा खाली करून फिरत होता आणि कुणी विचारलंच तर सांगत होता, “मला एसीनं सर्दी हुती.”

कराड स्टेशनच्या बाहेर पाहुणे भेटले. सुभेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मिशा वळवलेल्या. रंगूबाई हिरव्या इस्तरीच्या लुगड्यात, ओठ घट्ट मिटलेले. तिला मागं बसवून सुभेदार पुढं बसले. बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या एसीच्या जाळीवरून बोट फिरवलं, बोटाकडं नीट बघितलं आणि रुमालाला पुसलं. जयराज ओशाळला. सगळी गाडी पुसली आणि नेमकी तेवढी जाळी राहिली! फौजी माणूस, काय म्हणत असेल मनात?

“गाडी झ्याक ठेवलीया,” सुभेदार म्हणाले. “अॅव्हरेज काय देती?”

जयराजनं होता तो आकडा फुगवून सांगितला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण जाळीवरच्या धुळीची भरपाई करायला त्यानं पुढं जोडलं, “आनि ते बी एसी लावून बरं का! मी एसीबिगर गाडी चालवतच न्हाई.”

सुभेदारांनी उघड्या खिडकीकडं बघितलं. मग जयराजच्या कानशिलावरून ओघळणाऱ्या घामाकडं बघितलं.

“मग आता का बंद हाय?”

“तापल्या गाडीत लगीच लावायचा नसतो. जरा हवा खेळू द्यायची.”

“बरं, बरं.”

रस्त्याचं काम चाललं होतं. गाडी तासवड्याच्या टोलनाक्यापुढं आली तरी हवा खेळतच होती. मागून रंगूबाईनं पदरानं वारा घेतला आणि सुस्कारा सोडला. तो सुस्कारा प्रियदर्शनीच्या लग्नाच्या आड येणार, हे जयराजला कळत होतं. पण एवढी मोठी फुशारकी मारल्यावर एसीचं बटण दाबायचं की फिरवायचं हेच आपल्याला माहीत नाही, हेही त्याला कळत होतं. तेवढ्यात मुरमाचा डंपर शेजारून गेला आणि अर्धा रस्ता गाडीत येऊन बसला. रंगूबाई खोकू लागली.

“जयराजराव, काचा वर घ्या,” सुभेदार म्हणाले. “आनि एसी लावा. फुल्ल लावा. आई, तू अशी मधी सरक. हवा त्वांडावर लागंल.”

रंगूबाई दोन्ही सीटांच्या मधून तोंड पुढं काढून बसली. सुभेदारांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि नाकाला रुमाल लावला. धूळ फार झाली असेल म्हणून, असं जयराजला वाटलं. त्यानं दिसतील ती सगळी बटणं एकदम फिरवली.

आधी आतून घरघर आली. मग धप्प असा आवाज झाला आणि गाडीत काही म्हणता काही दिसेना. सगळं पिवळं. समोरची काच पिवळी, स्टिअरिंग पिवळं, श्वास पिवळा. जयराजनं चाचपडत गाडी कडेला घेतली, मिळेल ते बटण दाबलं, तर वायपर सुरू झाले. शेवटी किल्लीच फिरवून सगळं बंद केलं.

धुरळा बसला तेव्हा सुभेदारांच्या मिशा पिवळ्या होत्या, पांढरा शर्ट पिवळा होता आणि रंगूबाईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटभर जागा कोरी राहिलेली नव्हती. जयराजला वाटलं, आता गाडीतून उतरावं आणि शेजारच्या उसात शिरून साखर कारखाना सुरू होईपर्यंत बाहेर येऊ नये. एसीबिगर गाडी चालवतच न्हाई म्हणे! लाजेनं त्याचे कान तापले. बहिणीचं लग्न आपण असं मोडलं, ही गोष्ट आता भावकीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणार.

रंगूबाईनं गालावरून बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला.

“भंडारा,” ती हळूच म्हणाली. आणि मग एवढ्या जोरात ओरडली की जयराजचा पाय ब्रेकवर घसरला. “येळकोट येळकोट जय मल्हार! आकाराम, देव आला रं! पोरीला बघायच्या आदी देवानं हळद लावली! आता मी कोन न्हाई म्हननारी?”

“आजी, आवं त्ये म्हंजे...” जयराजनं तोंड उघडलं.

सुभेदारांचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला आणि चांगला दाबला गेला. “गाडी चालवा, जयराजराव. देवाच्या कामात मधी बोलू नये.”

जयराजनं बाहीनं समोरची काच पुसली. केवढा श्रद्धाळू माणूस, आणि आपण केवढे खोटारडे!

दारात त्याची बायको रेश्मा भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती. तीन पिवळी माणसं उतरताना बघून तुकडा तिच्या हातातून पडला. “आवं, पालीला जाऊन आला व्हय?”

“व्हय,” जयराज म्हणाला. म्हणजे आणखी एक थाप.

“आमी कशाला जातोय? देवच गाडीत आला,” रंगूबाईनं त्याचं खोटं तिथल्या तिथं उघडं पाडलं आणि त्याहून मोठं दारात मांडलं.

आळी गोळा झाली. बायका गाडीला हात लावून कपाळाला लावू लागल्या. कुणी डॅशबोर्डला कुंकू लावलं, कुणी सीटवर तांदूळ ठेवले. दादासो चपला काढून गाडीजवळ आला, आत डोकावला आणि छाती काढून म्हणाला, “आजी, खरं सांगायचं तर ह्यो भंडारा मीच जयराजला त्या जाळी...”

जयराजनं पोह्यांची बशी त्याच्या छातीवर टेकवली. “दादासो, खा आदी. निवत्यात.”

“आरं पर...”

“लिंबू पिळू का?”

मग चंद्राबाई म्हणून पलीकडच्या घरची म्हातारी होती, ती हटून बसली की मलाही गाडीत बसव आणि देवाला यायला सांग. जयराजला किल्ली फिरवावी लागली. पुन्हा थोडा भंडारा उडाला, पुन्हा येळकोट झाला. चंद्राबाई डोळे पुसत उतरली आणि तिनं जयराजच्याच पाया पडायला वाकावं, म्हणजे झालं! तिला वरच्या वर धरताना जयराजला स्वतःची एवढी शरम वाटली की त्याला तिच्याकडं बघवेना.

आत रंगूबाईनं प्रियदर्शनीला जवळ बसवून घेतलं, ओटीत खण-नारळ घातला आणि स्वतःच्या गालावरची हळद तिच्या गालाला लावली. “रातपाळीला जाताना सोबत कोन तरी असूं दे, एवडंच,” ती म्हणाली. लग्न ठरलं. चहाचा कप द्यायला प्रियदर्शनी भावाजवळ आली, त्याच्या पिवळ्या कानांकडं बघितलं आणि कुजबुजली, “दादा, एसी आज पयल्यांदाच लावलास न्हवं?”

जयराजनं मान खाली घातली. तो चहा त्याला गोड लागला नाही. पोरीचा संसार आपल्या थापेवर उभा राहतोय, हे त्याच्या घशाखाली उतरेना. शेवटी सुभेदार मागच्या अंगणात हौदाजवळ मिशा धुवायला गेले, तेव्हा तो मागोमाग गेला.

“सुभेदारसाब, मला माफी करा. त्यो कौल-बिवल कायबी नव्हता. जाळीत भंडारा मी ओतलेला. फिल्टर मी फेकलेला. एसी मी आजपतूर लावलेलाच न्हाई. तुमाला सगळं खोटं सांगितलं.”

सुभेदारांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “हळू बोला. आवं, जाळीवर बोट फिरवलं तवाच मला कळलं. गेल्या साली आमच्या टेम्पोत हेच झालं हुतं. म्हनूनच तर एसीच्या मागं लागलो. आईला मधी सरक म्हनून काय उगंच म्हनलो?”

जयराजनं हौदात तांब्या बुडवून त्यांच्या हातावर पाणी घातलं.

“म्हातारी भोळी हाय. देवाचं नाव निघाल्याबिगर ऐकत न्हाई,” सुभेदार ओल्या मिशांवरून हात फिरवत म्हणाले. “आता एक करा. साखरपुड्यापतूर ती जाळी साफ करू नगा. ती पुन्यांदा गाडीत बसनार. भंडारा आला न्हाई तर म्हनंल देव रुसला. आनि आईला ह्यातलं कायबी कळता कामा नये.”

“न्हाई कळायचं,” जयराज म्हणाला. आपल्याला माफी मिळाली की आपण कटात सामील झालो, हे त्याला नीट समजलं नाही.

ऊन उतरल्यावर त्यानं दोघांना परत स्टेशनवर सोडलं. काचा खाली होत्या. एसी लावा असं कुणीच म्हणालं नाही. सुभेदार तिकिटं काढायला गेले आणि रंगूबाईनं जयराजच्या शर्टाला धरून त्याला जवळ ओढलं.

“पोरा, त्या जाळीतली घान आजच काढून घे. साखरपुड्याला मी नवं लुगडं नेसनार हाय.”

“आजी?”

“गेल्या साली टेम्पोत माझंच लुगडं खराब झालं हुतं रं. मला काय समजत न्हाई व्हय?” तिनं तिकिटाच्या खिडकीकडं नजर ठेवून घाईघाईनं सांगितलं. “पोरगी मी कवाच बगितलीया. गुडघा दाखवायला म्हनून मिरजंला गेले हुते, तवा लांबनं बगत बसले. आजाऱ्याला धरून चालवत हुती, अगदी बाप असल्यागत. मला तवाच पसंत पडली. पर भावकीत बोलून बसले हुते, मागं फिरायला वाट नको व्हय? तू दिलीस. लय उपकार झालं.”

जयराजनंही तिकिटाच्या खिडकीकडं बघितलं.

“पर आकारामला यातलं सांगू नगंस हां,” रंगूबाई म्हणाली. “त्याला वाटतंय देवानंच केलं. लय भोळा हाय त्यो.”

रेल्वे आली, मायलेक एकमेकांना धरून डब्यात चढले आणि दोघांनीही जयराजकडं बघून हळूच मान हलवली. तो पांढऱ्या-पिवळ्या गाडीत येऊन बसला. एसीच्या बटणाकडं बघायचीही त्याला लाज वाटत होती. जाळी साफ करायची की नाही? गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच त्याला खरोखर कुणाचा तरी सल्ला हवा होता, आणि विचारावं असं आता गावात कुणीच उरलं नव्हतं.