डचेसच्या मातीची तपासणी

ज्या जिवाला स्वतःचं अंथरूण झटकता येत नाही, त्याचं अंथरूण झटकून देणं हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं कर्तव्य होय. ओहायोतल्या पाल पुनर्वसन समितीने हे कर्तव्य अकरा पानी नियमावलीत बसवलं आहे. (बारावं पान कोरं आहे. ते विचार करण्यासाठी.)

टायरच्या गोदामात काम करणाऱ्या लॉनी क्रेब्सला समितीने डचेस नावाची पाल दत्तक दिली ती एका अटीवर: महिन्याभरात तपासणी होईल, कीड सापडली तर पाल परत. लॉनीला मूलबाळ नव्हतं, आणि डचेस त्याचं बोट चाटायची. तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

पद्धत अशी. डचेसच्या काचपेटीत अंथरायची माती, नारळाचा भुसा आणि ओकची वाळकी पानं ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायची. भाजण्यातून वाचलेले किडे गारठून मरावेत म्हणून मग पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची. (फ्रीजरमधली हरणाची तंगडी शेजाऱ्याकडे ठेवायला दिली. ती परत आली नाही.) मूठभर माती दाबून बघायची, गोळा व्हावा, पाणी गळू नये. एकूण एक किडा मेल्याची खात्री पटली, की दुकानातून डबीभर किडे विकत आणून तिच्यात सोडायचे. बुरशी खायला ते लागतातच. (मेलेले बिनपावतीचे होते.)

घरात ढेकूण होते, पण ते माणसांच्या गादीत. नियमावलीत माणसांची गादी येत नाही. थंडी पडली की मरतील, असं घरमालक अकरा महिने सांगत होता. थंडी पडली. ढेकूण पांघरुणात शिरले.

"मलाही घाल की अर्धा तास त्या ओव्हनमध्ये," दंड खाजवत लॉनीची बायको व्हर्लीन म्हणाली.

"मावशील का?"

"तिची माती मावते, तिचा पालापाचोळा मावतो. माझ्यावर आलं की ओव्हन लहान!"

तपासणीला समितीच्या आर्डिथबाई आल्या, भिंग आणि चिमटा घेऊन. मातीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. (पानांच्या मांडणीत आपलेपणा कमी पडला, त्याचे दोन गेले.) लॉनीचे डोळे भरून आले. सही करायला बाई कोचावर टेकल्या आणि ताडकन उठल्या. बाहीवरचा जीव त्यांनी चिमट्यात धरला.

"हा कुठला?"

"तो आमचा," व्हर्लीन म्हणाली. "मातीतला नाही."

"अशा घरात मुका जीव ठेवता? लाज नाही वाटत?"

"पण बाई, माती पास झाली ना?" लॉनीने विचारलं.

"माती झाली. घर नापास." बाईंनी डचेसला उबदार पिशवीत घेतलं. "हा शुद्ध छळ आहे. इथे एक रात्रसुद्धा कोणी काढू नये."

"मग आम्हालाही न्या की!" व्हर्लीन म्हणाली.

बाईंनी नियमावली उघडली. मनापासून शोधलं. "दहा इंचांच्या वरचे आम्ही घेत नाही," त्या हळहळून म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत डचेससाठी अडतीस कुटुंबांचे अर्ज आले. एकाने आपली झोपायची खोली देऊ केली.

लॉनी आणि व्हर्लीन अजून त्याच गादीवर झोपतात. त्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून टाकलं. तुम्हाला विचारायचंय ते डचेसचं. ती मजेत आहे, वजन वाढलंय.

पडला जीव भांड्यात?