पस्तिसात भागवणारे तांबेकाका

छत्तीस फोटोंच्या रोलवर पस्तीसच फोटो काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे तांबेकाका. पस्तिसावा झाला की ते लेन्सला झाकण लावायचे, कॅमेरा चामडी पिशवीत घालायचे, पिशवीचं बटण टक्कन बंद करायचे आणि जाहीर करायचे, "झालं! पस्तिसात भागलं पाहिजे माणसाचं." मग समोर इंद्रधनुष्य उगवो नाहीतर हत्ती नाचो, पिशवी उघडायची नाही.

आमचा फोटोग्राफी क्लब म्हणजे मिरा रोडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी जमणारे पंधरा-वीस हौशी लोक. सेक्रेटरी प्रवीणभाई, हाटकेशला त्यांचं स्टीलच्या डब्यांचं युनिट. मी शाळेत भूगोल शिकवायचे. क्लबातली एकुलती एक बाई मी, त्यामुळे चहाचं खातं आपल्या गळ्यात पडू नये याची काळजी मी पहिल्याच मीटिंगला घेतली. ते खातं तांबेकाकांनी आपणहून घेतलं. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, बेव्हर्ली पार्कात एकटे राहणारे, आणि मीटिंग दहाची असली तरी नऊलाच येऊन सतरंजी झटकत बसणारे.

क्लबचा एक नियम त्यांनीच घालून दिला होता. फोटो फळ्यावर लागला की सगळ्यांनी त्यावर बोलायचं, आणि ज्याने तो काढला त्याने तोंड उघडायचं नाही. स्वतः काका हा नियम इतका पाळायचे की त्यांच्या फोटोवर चर्चा चालू असताना चहासुद्धा प्यायचे नाहीत. तसं बोलण्यासारखं त्यात काही नसायचंच. धक्का, होडी, मिठाची रास. रेघ न् रेघ स्वच्छ, आणि माणूस औषधाला नाही. गंमत म्हणजे मिठाच्या राशीचा फोटो काढतानाही ते तिला सांगायचे, "हं, हलू नका." दर वर्षी त्यांना उत्तेजनार्थ मिळायचं. ते प्रमाणपत्र घेऊन म्हणायचे, "कागद चांगला जाड आहे. तांदळाच्या डब्याखाली होईल."

त्या पस्तिसावरून आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. कंजूष म्हणालो, एककल्ली म्हणालो. मी तर वर्गात मुलांना त्यांचं उदाहरण द्यायचे. काका नुसते हसायचे.

मग डिजिटल कॅमेरे आले. एकेकाने घेतले, मीही घेतला. प्रवीणभाई काकांच्या मागे लागले. "काका, अब डिजिटल ले लो. एक कार्ड में पाँच सौ फोटो. गिनने का टेन्शनच नहीं."

"पाचशेतला शेवटचा कुठला, ते कसं कळायचं?" काकांनी विचारलं.

"शेवटचा कायको पाहिजे?"

काका किटलीवर झाकण नीट बसवत राहिले.

पुढे क्लबाने ठरवलं की नव्या वर्षापासून स्पर्धा डिजिटलचीच. स्टेशनजवळच्या स्टुडिओनेही पाटी लावली की महिनाअखेरीनंतर रोल धुतले जाणार नाहीत. काकांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "मंडळी, हा माझा शेवटचा रोल. दादरपर्यंत धावायची आता ताकद नाही." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो टाळ्या वाजवायचा प्रसंग नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

तो रोल घेऊन ते आमच्याबरोबर भाईंदरच्या मिठागरात आले. सकाळी नऊपर्यंत त्यांचे पस्तीस झाले, बटण टक्कन लागलं. पिशवी माझ्याकडे देऊन ते थर्मास उघडायला सावलीत गेले. आणि तेवढ्यात चिखलात उभा असलेला फ्लेमिंगोंचा थवा एकदम उठला. काय दृश्य होतं ते! सगळं आभाळ गुलाबी. मी माझा डिजिटल डोळ्याला लावला तर त्याची बॅटरी संपलेली. मग मी दुसरा विचारच केला नाही. काकांची पिशवी उघडली, झाकण काढलं, खटका दाबला आणि विजयी वीरासारखी धावत गेले. "काका, तुमचा छत्तिसावा मी सत्कारणी लावला!"

काकांनी कॅमेरा हातात घेतला आणि वरचा आकडा पाहिला. "चांगलं झालं हो, ताई," एवढंच म्हणाले. मग चहा ओतू लागले. कप भरून वाहिला तरी ओतत राहिले.

 काहीतरी मोठं चुकलंय एवढं मला कळलं, पण काय ते कळेना. संध्याकाळी न राहवून मी त्यांच्या घरी गेले.

"या, या ताई," म्हणत त्यांनी मला खुर्ची दिली. समोर खिडकीला लागून दिवाण होता, त्यावर स्वच्छ चादर. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मला थांबवलं आणि कपाटातून एक जाडजूड अल्बम काढून माझ्या मांडीवर ठेवला.

पहिल्या पानावर त्याच दिवाणावर बसलेली एक बाई. दुसऱ्या पानावर तीच. तिसऱ्यावरही तीच. कुठे मेथी निवडतेय, कुठे रागावलीय, कुठे हाताला बँडेज, कुठे तोंडावर पदर धरून हसतेय. मागच्या खिडकीत आधी नुसतं गवत आणि पाणी, मग बांबूंची परांची, मग समोरच्या बिल्डिंगचे चार मजले. बाईंचे केस पिकत गेलेले.

"ही सुमन. आमची मिसेस," काका म्हणाले. "तिची अटच होती. म्हणायची, दुनियेचे फोटो काढत फिरता, रोलमधला एक माझा ठेवत जा. मग रोल संपवायचा तो घरीच, इथे."

मी पान उलटलं. दिवाण होता, बाई नव्हत्या. पुढच्या पानावर दिवाण. त्याच्या पुढेही दिवाण.

"आता सहा वर्षं झाली तिला जाऊन. पण शब्द दिलेला ना. ती नाही म्हणून तिचा फोटो मिठागराला कसा देऊन टाकायचा?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटच्या रोलमधला सुमनताईंचा फोटो मी पक्ष्यांवर उधळला होता. आणि टाळ्याही वाजवल्या होत्या.

मग एकदम आठवलं. रोल जपून भरला तर कधीकधी एक फोटो जास्तीचा मिळतो. "काका, सदतिसावा कधी निघतो का पाहिलंत?"

"मला कशाला लागतोय? छत्तिसाव्याला माझं काम व्हायचं."

"आज बघा ना."

त्यांनी कॅमेरा काढला आणि रोल पुढे सरकवायच्या दांडीवर अंगठा ठेवला. "जोर करायचा नाही. फिल्म फाटते." अंगठा हळूहळू सरकू लागला. मध्येच अडल्यासारखा झाला.  आणि दांडी पार शेवटपर्यंत गेली.

"आहे! ताई, आहे हो!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यांनी कॅमेरा दिवाणाकडे रोखला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही बसा. अख्ख्या अल्बमात तुम्ही एकदाही नाही."

"मी? माझं काय काम तिथे?" म्हणाले खरे, पण आत जाऊन केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसले ते अगदी डाव्या टोकाला.

"मधे सरका ना काका."

"नको. इथेच बरं आहे."

मी डोळा लावला आणि म्हटलं, "हं, हलू नका." जन्मभर मिठाच्या राशींना दम देणाऱ्या त्या माणसाची हनुवटी काही केल्या स्थिर राहीना.

पुढच्या मीटिंगला काकांनी फ्लेमिंगोंचा फोटो माझ्या नावाने लावला. त्या वर्षीच्या स्पर्धेत त्याला पहिला नंबर मिळाला. आयुष्यातला माझा पहिला पहिला नंबर, आणि तो घशाखाली उतरेना. दुसरा फोटो मी काकांना विचारून फळ्यावर लावला आणि नियमाप्रमाणे गप्प बसले.

प्रवीणभाई चष्मा सावरत पुढे झाले. "मॅडम, काका थोडे हिल गये हैं. और राइट साइड पूरा खाली है. वो कापून टाका, फोटो एकदम मस्त होईल." दोघातिघांनी माना डोलावल्या. 

मागे किटलीपाशी काका उभे राहिले. "प्रवीणभाई, तेवढं कापू नका," ते म्हणाले. "तिथे आमची सुमन बसते."

 प्रवीणभाईंनी फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग फोटोचा उजवा कोपरा फळ्यावरून जरा सुटला होता, तो दाबून धरत त्यांनी एक पिन मागितली.