फुकटची छत्री आणि अप्पांची मुलाखत

मी स्वभावाने भांडखोर नाही. पण "तुम्हाला जमणार नाही" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. (आयुष्यात मला जे जे जमलेलं नाही, ते सगळं मी या एका वाक्यामुळेच करायला गेलो होतो.) त्या शनिवारी हे वाक्य छत्रीच्या दुकानदाराने उच्चारलं. छत्री म्हणजे पावसातली नव्हे, गच्चीवरची. जिच्यावर महिन्याचे पैसे न भरता फुकटची चॅनेलं दिसतात ती. दुकानदाराने विचारलं, टीव्ही कुठला आहे? मी म्हटलं, जुना. किती जुना? माझ्या लग्नाआधीचा. त्याने माझ्या डोक्यावर जिथे पूर्वी केस होते तिथे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मग उद्या सकाळी आमचा माणूस पाठवतो. जुन्या सेटला तुम्हाला जमणार नाही."

झालं. माणूस नको म्हणून सांगितलं आणि छत्री, सेट टॉप बॉक्स आणि वायरचं भेंडोळं काखेत मारून मी घरी आलो.

आता आमच्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. तो अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेला. पुढून टीव्ही आणि मागून भिंतीला टेकलेलं पोट. त्याच्या डोक्यावर फुलदाणी, अप्पांच्या चष्म्याची डबी आणि इस्त्रीचे कपडे एवढं सगळं राहतं. हल्लीच्या टीव्हीवर ठेवून दाखवा. तीन महिन्यांपूर्वी आमच्या केबलवाल्याने केबल बंद करून गाद्यांचं दुकान टाकलं, तेव्हापासून त्यावर काहीच दिसत नव्हतं. बायको म्हणत होती, नवा घेऊया. अप्पा म्हणत होते, चालणारी वस्तू टाकायची नसते. मी दोघांनाही "बरोबर आहे" म्हणत होतो आणि त्यामुळे घरात शांतता होती.

ती भंगली अप्पांच्या मुलाखतीमुळे. अप्पा घड्याळं दुरुस्त करतात. बाजारातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा वर्षं बंद होतं, ते त्यांनी चाळीस दिवस रोज एकशे सहा पायऱ्या चढून चालू केलं. एका चॅनेलचे लोक येऊन त्यांची मुलाखत घेऊन गेले. ती रविवारी संध्याकाळी पाच वाजता दाखवणार होते आणि ते चॅनेल फुकटच्या छत्रीवर दिसत होतं. दिवसाला दहा वाक्यं बोलणारे अप्पा, पण त्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या पिशवीत त्यांनी चिठ्ठी घातली : "रविवार, सायं. ५." खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, अप्पा, आमच्याकडे या की बघायला, मोठा टीव्ही आहे. अप्पा म्हणाले, "माझं घड्याळ मी माझ्या टीव्हीवर बघणार. तुम्हीच या." शिंप्याने ते आमंत्रण सगळ्या इमारतीला पोचवलं.

म्हणजे रविवारी पाचला आमच्या टीव्हीवर अप्पा दिसणं भाग होतं. त्यांच्या आयुष्यात हे एकदाच होणार होतं, आणि ते माझ्या हातात होतं. (हे शेवटचं वाक्य वाचून बायकोला आजही घाम फुटेल.)

रविवारी आठ वाजता मी कामाला लागलो. माहितीपत्रकात लिहिलं होतं, छत्रीचं तोंड आग्नेयेला करा. बायको शाळेत भूगोल शिकवते, तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं की आग्नेय नक्की कुणीकडे येते. तिने बोट दाखवलं, ते पाण्याच्या टाकीवर. मग टाकीच्या बाजूला, कठड्याला छत्री बसवली. वायर खिडकीतून आत घेतली. बॉक्सच्या तीन पिना होत्या, पिवळी, पांढरी आणि लाल. टीव्हीच्या मागे भोकं दोनच होती. लाल पीन तशीच लोंबकळत ठेवली. एवढ्यात अप्पा मागे येऊन उभे राहिले. काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही बसा. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे, घड्याळ नाही."

अप्पा बसले.

मी गच्चीवर गेलो, बायको टीव्हीसमोर बसली, आणि आमचं फोनवर बोलणं सुरू झालं. मी छत्री वीतभर डावीकडे फिरवली आणि विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, मुंग्या. उजवीकडे फिरवली. मुंग्या. थोडी वर केली. मुंग्या. थोडी खाली केली. ती म्हणाली, "अहो, मुंग्याच आहेत. पण मघापेक्षा जरा चपळ वाटतायत." हा मला शुभशकुन वाटला आणि मी त्या दिशेने आणखी तासभर घालवला.

अकरापर्यंत गच्चीवर सल्लागार जमले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमच्या इमारतीत कमतरता नाही. शिंपी म्हणाला, तिरपी करा. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले कॅशियर म्हणाले, एक माणूस मधे उभा राहिला की सिग्नल अडतो, आणि स्वतः छत्रीसमोर उभे राहून त्यांनी ते समजावून सांगितलं. मी छत्री इतक्या दिशांना फिरवली की आग्नेयच काय, आकाशातली एकही दिशा मी सोडली नसेल. दुपारी एक वाजता बायकोने मुंग्यांकडे बघत वह्या तपासायला घेतल्या आणि मी काही विचारायच्या आतच फोनवर "मुंग्या" म्हणू लागली.

मग मला साक्षात्कार झाला. दोष छत्रीचा नव्हे, टीव्हीचा.

अप्पा जेवून आतल्या खोलीत झोपले होते. मी टीव्हीचं बटण बंद केलं, प्लग काढला, आणि त्याचं पोट उघडलं. आत धूळ होती, तारा होत्या, आणि काय कशासाठी आहे याचा मला काही पत्ता नव्हता. मी धूळ पुसली, सगळ्या तारा एकेकदा हलवून बघितल्या आणि पोट पुन्हा बंद केलं. तीन स्क्रू उरले. (घाबरू नका, माझ्या हातून काहीही बंद झालं की तीन स्क्रू उरतातच.) ते खिशात टाकून मी टीव्ही लावला. आता मुंग्याही गेल्या. पडदा काळाकुट्ट. सकाळपासून ज्यांना शिव्या देत होतो, त्या मुंग्यांची मला पहिल्यांदा आठवण आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोने काळ्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, अप्पांना कोण सांगणार?

चार वाजता अप्पा बाहेर आले. दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा, केस चापून बसवलेले. टीव्हीवरच्या अप्पांनाही हे अप्पा दिसणार होते, अशा थाटात. मला खरंच भडभडून आलं. पडद्याकडे बघून त्यांनी मला विचारलं, "उघडला होतास?"

हा अप्पांच्या दुकानातला पहिला प्रश्न. घड्याळ बंद पडलं म्हणून कोणीही आलं की आधी विचारतात, कोणी उघडलं होतं का? गिऱ्हाईक म्हणतं, नाही. मग अप्पा त्याला बाकावर बसवतात आणि दुसरं काम करतात. त्यांचं म्हणणं असं की, घड्याळाचा दोष कुठला आणि माणसाचा कुठला हे आधी वेगळं झालं पाहिजे. तो माणूस अर्ध्या तासाने "जरासं उघडलं होतं" म्हणतो, तेव्हा अप्पा भिंग डोळ्याला लावतात. कितीही मोठा माणूस असो, कबुलीशिवाय ते वस्तूला हात लावत नाहीत.

हे सगळं लहानपणापासून माहीत असूनही मी म्हटलं, "छे. मी कशाला उघडू?"

अप्पा खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र वाचू लागले.

सव्वाचारला लोक यायला लागले. शिंपी आपली खुर्ची घेऊन आला. कॅशियर सहकुटुंब आले. दुरुस्त घड्याळं मनगटावर बांधलेली चार गिऱ्हाइकं हातात चिठ्ठ्या घेऊन आली. पुढे सतरंजी, मागे खुर्च्या, आणि सगळ्यांच्या समोर एक काळा चौकोन. कोणीतरी हळूच विचारलं, सुरू व्हायचाय का? मी म्हटलं, गरम होतोय, जुना सेट आहे. अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते सकाळी वाचून झालेलं होतं. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. चार चाळीस झाले होते.

मग माझ्याने राहवेना. एकवीस माणसांसमोर मी म्हटलं, "अप्पा, उघडला होता."

अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "किती उरले?"

"तीन."

खोलीत सगळे हसले, आणि सगळ्यांत आधी हसली माझी बायको. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, मी स्क्रू दिले. प्लग काढायला लावला, आतून पेचकस आणि भिंग मागवलं, मागचं झाकण काढलं, आणि मी हलवून बघताना निसटलेली एक तार जागेवर दाबली. झाकण बंद केलं. स्क्रू एकही उरला नाही. टीव्ही लावला तर पडद्यावर आमच्या मुंग्या. मला तर घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

अप्पांनी टीव्हीखालचं चॅनेलचं बटण दाबलं. एक नंबरच्या खाली शून्य आलं. आणखी एकदा दाबलं. मुंग्या नाहीशा झाल्या आणि सेट टॉप बॉक्सची निळी पाटी झळकली : सिग्नल शून्य टक्के.

"एकच्या खाली शून्य, शून्याच्या खाली एव्ही," अप्पा म्हणाले. "बाहेरचं यंत्र जोडलं की तिथे जायचं. पूर्वी व्हिडिओ आणायचो तेव्हा असंच करायचो."

म्हणजे मी सकाळपासून छत्री फिरवून ज्या मुंग्या घालवत होतो, त्यांचा छत्रीशी काहीही संबंध नव्हता. मी विचारलं, मग सकाळीच का नाही सांगितलंत? अप्पा म्हणाले, "सांगायला आलो होतो. तू म्हणालास, बसा."

वाद घालायला वेळ नव्हता. मी गच्चीवर धावलो. आता बायकोला टक्के दिसत होते. ती सांगत गेली, दहा, वीस, पुन्हा दहा, अहो उलटं काय फिरवता, तीस. छप्पन्नवर ती "थांबा" म्हणाली आणि खालून टाळ्या ऐकू आल्या. चार सत्तावन्न. मी नट आवळले, घामाने भिजलेला शर्ट तसाच घेऊन खाली आलो आणि दाराशी उभा राहिलो. बसायला जागा नव्हती.

पाचाच्या ठोक्याला अप्पा दिसले. चित्र मधूनच चौकोनी तुकड्यांचं होत होतं, आवाज अडखळत होता, पण अप्पाच होते. मनोऱ्याच्या आत माणसापेक्षा मोठ्या चाकापुढे उभे राहून ते त्याचा एकेक दात पुसत होते. मग मोठा काटा हलला आणि खाली बाजारात लोक माना वर करून उभे असलेले दाखवले. अप्पा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून पडद्यावरचे स्वतःचे हात बघत होते. मला वाटलं, आज दिवसभर जे भोगलं त्याचं सार्थक झालं. डोळे पुसायला मी रुमाल काढला.

तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्यानंतर ही कला कोण पुढे नेणार? मुलगा?

पडद्यावरचे अप्पा हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मुलगा सज्जन आहे. पण तो ज्या वस्तूला हात लावतो, ती शेवटी माझ्याकडे येते. इतकी वर्षं माझा हात चालू राहिला, तो त्याच्यामुळेच."

नेमकं त्या उत्तरात चित्र तुटलं नाही की आवाज अडखळला नाही. खोली हसून कोसळली. शिंपी खुर्चीवरून सतरंजीवर आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय? अप्पांनी माझ्याकडे वळून अगदी मनापासून सांगितलं, "ते कापणार होते. तसं कबूल केलं होतं त्यांनी."

शेवटी पाटी आली : पुनःप्रक्षेपण बुधवारी सकाळी नऊ वाजता. कॅशियर म्हणाले, आवाज मधेच जात होता, बुधवारी नीट ऐकू. बायकोने तिथल्या तिथे माहेरच्या लोकांना आमंत्रण दिलं आणि शाळेत अर्धा दिवस रजेचं ठरवून टाकलं. माझा मेहुणा येणार होता. माझा साडू येणार होता. (साडूचा मोठा टीव्ही त्याने स्वतः भिंतीवर बसवलेला आहे, आणि हे तो दर भेटीत सांगतो.)

मंगळवारी संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. कपडे वाळत टाकायला, असं घरी सांगितलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून छत्रीचे नट सैल केले, तिला हातभर हलवली, रागाच्या भरात वरून एक थापट मारली, आणि नट पुन्हा आवळून खाली आलो. मला लाज वाटत होती, पण साडूची आठवण झाली की लाज कमी व्हायची.

बुधवारी नऊला तीस माणसं जमली. बायकोने टीव्ही लावला. सिग्नल चौऱ्याण्णव टक्के. अप्पांच्या भुवईचा केस न् केस दिसत होता, आणि आवाज असा की रस्त्यावरचे दोघे खिडकीशी येऊन उभे राहिले. बिघडवायला म्हणून हात लावला आणि वस्तू सुधारली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.