तीनशे बाराचा मान

आमच्या रसायनशास्त्र विभागात तयार झालेलं कोणतंही संयुग टेंभेकर सरांचा शब्द मोडत नाही.

सरांनी १९८८ साली टेल्युरियमच्या एका क्लोराइडचा रामन वर्णपट, म्हणजे त्याच्या बंधांच्या कंपनांचा आलेख, प्रसिद्ध केला आणि त्यातलं मुख्य शिखर ३१२ला आहे असं लिहिलं. तेव्हापासून विभागात जे जे तयार झालं, ते ३१२ला उभं राहिलं. सेलेनियम असो की टेल्युरियम, क्लोराइड असो की ब्रोमाइड. ब्रोमिन क्लोरिनपेक्षा जड, त्याचे बंध सावकाश कंप पावतात, म्हणून ब्रोमाइडचं शिखर बरंच खाली, पावणेदोनशेच्या आसपास यायला हवं. पण सर यंत्रापाशी येऊन बसले की तेही उठून ३१२ला उभं राहायचं. आयोडाइड त्याहून जड. त्याला इतकं झेपत नसे. ते कसंबसं २८०पर्यंत येऊन तिथे थरथरत राही. सर त्याला म्हणत, "असू दे, असू दे. भावना पोचली."

संयुगांना हे वळण लावायची रीत साधी होती. नमुने कोरडे राहावेत म्हणून ठेवायचं एक जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं असतं, डेसिकेटर. आमच्या डेसिकेटरच्या मधोमध सरांचा १९८८चा मूळ नमुना, नळीत बंद करून ठेवलेला. नवीन नमुना आठ दिवस त्याच्या शेजारी ठेवायचा. आठ दिवसांत त्याला समज येते. आमचे प्रयोगशाळा सहायक घोलपमामा याला 'मोठ्यांच्या पंगतीला बसवणं' म्हणतात.

मी सहा वर्षांत अकरा संयुगं केली. अकराही ३१२ची.

"सर, क्लोराइड आणि ब्रोमाइडचं शिखर एकाच जागी कसं येईल?" मी दर सहा महिन्यांनी विचारायची.

"येतंय ना?"

"येतंय."

"मग?"

ही आमची शास्त्रीय चर्चा. सर नसताना मोजून बघावं, तर रामन यंत्राच्या खोलीची किल्ली सरांच्या खिशात. नमुना बाहेरगावच्या संस्थेत पाठवावा, तर सर सोबत जात. मुंबईला गेले, हैदराबादला गेले, मांडीवर नमुन्याचा डबा घेऊन. तिथेही ३१२. तिथले लोक चकित होत आणि सरांना शाल देत.

बारावं संयुग मी मार्चमध्ये केलं. टेल्युरियम डायऑक्साइड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, त्यात अमोनियमचा एक सेंद्रिय क्षार घालायचा, की खाली पिवळंधमक चूर्ण बसतं. नेमकं त्याच आठवड्यात डेसिकेटरच्या झाकणाला तडा गेला. नवीन झाकणाचा प्रस्ताव भांडार विभागाकडे गेला आणि मी सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांचा डेसिकेटर मागून आणला. त्यामुळे माझं बारावं संयुग कुठल्याच वडीलधाऱ्यांच्या शेजारी न बसता कोरडं झालं.

सरांच्या समोर मोजलं. २९०.

सरांनी चष्मा पुसला. परत मोजलं. २९०. सर खुर्ची पुढे ओढून बसले, घसा खाकरला. २९०.

"हे कुठं वाढलंय?" सरांनी विचारलं.

"सूक्ष्मजीवशास्त्रात," मामा म्हणाले.

"तरीच," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी 'संयुग क्रमांक १२ यास' कारणे दाखवा नोटीस निघाली. नोटीस बाटलीपेक्षा मोठी होती, म्हणून मामांनी ती बाटलीभोवती गुंडाळून रबरबँड लावला. सात दिवसांत खुलासा मागितला होता. सातव्या दिवशी पुन्हा मोजमाप झालं. खुलासा २९० असा आला. तो समाधानकारक नसल्याचा शेरा मारून तीन जणांची समिती नेमण्यात आली. अध्यक्ष टेंभेकर सर, सदस्य विभागप्रमुख पठारे मॅडम आणि तांत्रिक सदस्य घोलपमामा.

माझी अडचण तारखेची होती. पीएचडीची नोंदणी दोनदा वाढवून झाली होती आणि आता ३० एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता संपणार होती. त्याआधी सरांच्या सहीचा प्रबंध कार्यालयात पोचला नाही, तर सहा वर्षं आणि बारा संयुगं बाद. आणि बाराव्याच्या वर्णपटावर सही केल्याशिवाय सर प्रबंधावर सही करणार नव्हते.

समितीची बैठक बावीस तारखेला झाली. खोलीत लसणाचा उग्र वास होता. टेल्युरियम हाताळणाऱ्यांच्या श्वासाला तो येतोच, महिनोन्महिने जात नाही. आमच्या विभागात सगळ्यांनाच येत असल्यामुळे त्याची नोंद कोणी घेत नाही.

"मृण्मयी, तू त्याला काही शिकवलंस का?" पठारे मॅडमनी विचारलं.

"मी त्याला फक्त धुतलं आणि वाळवलं."

"अगं, पण समोर सर बसलेत. थोडं तरी वर यायला काय हरकत आहे? अगदी ३१२ नको, पण तीनशे?"

"मॅडम, त्याचं २९० आहे."

"आमच्या वेळी असं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "माझी सेलेनियमची संयुगं सरांचा पाय उंबऱ्यात पडायच्या आत उठायची."

"म्हणून तर तुमच्या प्रबंधात नऊ संयुगांचा एकच वर्णपट आहे," मी म्हणाले.

मामांना खोकला आला. मॅडमनी इतिवृत्तात 'उमेदवार उद्धट' असं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, कारण नियमाप्रमाणे वाचून दाखवावं लागतं.

सर एवढंच म्हणाले, "नवीन झाकण आलंय. पंगतीला बसवा. आठ दिवस."

मी नाही म्हणाले. नाही हा शब्द इतिवृत्तात घ्यायची सोय नव्हती, म्हणून घेतला गेला नाही. बारावं संयुग १९८८च्या नमुन्याशेजारी ठेवलं गेलं. मी रोज जाऊन काचेतून बघायची. दोघं गप्प बसलेले असत. सरही रोज यायचे आणि माझ्यासारखंच काचेतून बघायचे. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

तीस तारखेला सकाळी दहा वाजता समिती रामन यंत्राच्या खोलीत जमली. बारावं मोजलं.

३०१.

मी खाली बसले. मग मामा म्हणाले, "जुनंपण बघू का? एवढे दिवस शेजारी होतं." जुनी नळी ठेवली.

३०१.

पठारे मॅडमनी टाळी वाजवली. "बघा! हे अकरा वर आलं, ते अकरा खाली आलं. याला म्हणतात समजूतदारपणा. माणसांना जमत नाही हो. लिहा मामा, सर्वानुमते ३०१."

"मॅडम, ३०१ला जगात काहीच नाही," मी म्हणाले. "हे ना त्याचं आहे, ना ह्याचं."

"अगं, लग्न ठरवताना दोन्हीकडचे थोडं थोडं सोडतातच."

"हे लग्न नाही."

"पाच वाजले की प्रबंधही नसेल. सही घे आणि सुट. उद्यापासून तुझं २९० तू घरी मांड."

३०१च्या प्रमाणपत्राचा फॉर्म समोर होता, माझ्या आणि सरांच्या सहीसाठी. पेनही मॅडमनीच उघडून दिलं होतं. सहा वर्षांत मी इतकी दमले होते की हात पेनापर्यंत गेला, हे मी लपवत नाही. मग मी पेनाला टोपण लावलं.

"३०१वर माझं नाव नको," मी म्हणाले.

"माझंही नको," सर म्हणाले.

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर यंत्राच्या पडद्याकडे बघत होते.

"३०१ मी कधी म्हटलेलं नाही," सर म्हणाले. "३१२ म्हटलं होतं. तेही मी नाही, आमच्या गुरुजींनी. माझे मार्गदर्शक. यंत्र त्यांच्याच खोलीत होतं. ते आदल्या दिवशीच म्हणाले होते, टेंभेकर, ३१२ येईल. आलं."

"ते कुठे होते तेव्हा?" मी विचारलं.

"टेबलाशी. पान जुळवत."

"तुम्ही त्यांना बाहेर जायला नाही सांगितलंत?"

"गुरुजींना?" सर इतके दचकले, की पडद्यावरचं शिखर एका आकड्याने हललं.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी जरा बाहेर उभा राहतो."

"सर, नियमात मार्गदर्शकाची उपस्थिती लागते," मॅडम म्हणाल्या. "प्रमाणपत्रावर 'माझ्या उपस्थितीत' असं छापलेलं आहे."

"फोनवर उपस्थित राहीन."

सर दाराबाहेर गेले. ३०१. व्हरांड्याच्या टोकाला गेले. ३००. मी फोन लावून आकडे सांगू लागले. कँटीनपाशी २९८ झालं.

"आता?" सरांनी विचारलं. फोनचा स्पीकर चालू होता. त्यांचा आवाज खोलीत आला तसं शिखर २९९ला चढलं.

"स्पीकर बंद करा!" मामा ओरडले. मी फोन कानाला घट्ट धरला.

मुख्य दरवाज्यापाशी २९६.

"सर, अजून लांब जावं लागेल."

"किती?"

"ते यंत्र सांगेल."

साडेदहाची बार्शी गाडी समोर उभी होती. सर चढले. फोनवर कंडक्टर विचारत होता, "कुठं?" सर म्हणाले, "अजून ठरायचंय." कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तिकीट ठिकाणाचं असतं." सरांनी शेवटच्या थांब्याचं काढलं.

साखर कारखान्याच्या अलीकडे २९४. कारखाना ओलांडला, २९३. मध्येच सर म्हणाले, "माझ्या शेजारची बाई उठून पुढे गेली. लसणाचं काहीतरी म्हणाली."

"सर, बोलू नका. फक्त जात राहा."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते गप्प जात राहिले. टोलनाक्यावर २९१. पिंपळफाट्यावर २९०.

"थांबू?"

"आणखी दोन थांबे. खाली येतंय का बघायला हवं."

आणखी दोन थांबे गेले. २९०. त्याच्या खाली ते आलं नाही. मी कागदावर छापून घेतलं. मग जुनी नळी ठेवली. तीही २९०ला जाऊन बसली होती. मामांनी माझी आधीची अकरा संयुगं कपाटातून काढली. एकेक ठेवत गेलो आणि एकेक आपापल्या जागी उतरत गेलं. सेलेनियमची सेलेनियमच्या जागी, ब्रोमाइडं पार खाली. आयोडाइड सव्वाशेच्या आसपास जाऊन आडवं झालं. पठारे मॅडम पडद्यापासून लांब, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "माझीपण असतील कपाटात. नऊ." आम्ही तीही ठेवली. नऊ वेगवेगळे वर्णपट आले. मॅडमनी ते घडी करून पर्समध्ये टाकले आणि त्याबद्दल नंतर कोणाशी बोलल्या नाहीत.

प्रबंधाचे अकरा तक्ते बदलून छापेपर्यंत तीन वाजले. सरांना परत बोलावून उपयोग नव्हता. शिखरं पुन्हा उठली असती आणि मॅडमना पुन्हा मोजायचं सुचलं असतं. मी मामांच्या स्कूटरवर मागे बसले, प्रबंध मांडीवर घेऊन. सर फाट्यापुढच्या दुसऱ्या थांब्यावर, चहाच्या टपरीच्या बाकावर बसले होते. समोर चार रिकामे ग्लास होते.

"किती?"

"२९०."

"आणि जुना?"

"तोही."

सरांनी कागद बघितला. खूप वेळ बघितला.

"त्याला त्रास झाला असेल," ते म्हणाले.

"कशाचा?"

"इतकी वर्षं उभं राहायचा."

मला बोलायचं बरंच होतं. सहा वर्षं साठवलेलं. पण चार वाजत आले होते, म्हणून मी पेन पुढे केलं. सरांनी बाकावर कागद ठेवून सह्या केल्या. 'माझ्या उपस्थितीत' हे शब्द त्यांनी खोडले नाहीत. त्याखाली बारीक अक्षरात 'अंतर एकवीस किलोमीटर' असं लिहिलं. पाचला सात मिनिटं असताना प्रबंध जमा झाला. कार्यालयातल्या बाईंनी पोच दिली, नाकाला पदर लावला आणि खिडकी उघडली.

त्याला आता सहा वर्षं झाली. सर निवृत्त झाले, पण विभागात रोज येतात. मोजमापाचा दिवस असला की फलकावर तशी सूचना लागते आणि सर साडेदहाची बार्शी गाडी पकडतात. टपरीवर जाऊन बसतात, मोजमाप संपल्याचा फोन आला की परततात. कंडक्टर आता ठिकाण विचारत नाही. मी त्याच विभागात शिकवते. यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.

गेल्या मंगळवारी माझ्या पहिल्या विद्यार्थिनीने, निकहतने, तिचं सेलेनियमचं ब्रोमाइड मोजायला ठेवलं. सर गाडीत जाऊन बसले होते. शिखर ३१२कडे न वळता थेट २९०ला आलं.

"मॅडम, ब्रोमाइडचं २९०ला कसं येईल?" निकहतने विचारलं.

"येतंय ना?" मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या भुवया मला ओळखीच्या वाटल्या. मी पडद्याकडे बघितलं. मी खुर्चीत जरा पुढे सरकले, तसं शिखर आणखी ताठ झालं.

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि पर्स उचलली.

"साडेदहाची गेली का गं?"

निकहतने खिडकीतून बघितलं. "नाही मॅडम. उभी आहे."

गाडीत सर डाव्या बाजूला बसले होते. शेजारची जागा रिकामीच होती. मी चढले तसे ते उठले आणि खिडकीची जागा त्यांनी मला दिली.