दाणा सुकला, म्हणजे प्लँट सुकला!

तुम्हाला म्हणून सांगतो, अख्ख्या बोईसर-तारापूर पट्ट्यात मॉडेल जोडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! आमचा कारखाना लाल रंगाची पावडर बनवतो. मी कॉम्प्युटरवर तीन मॉडेलं केली: पावडरच्या एका दाण्याचं, दोन टनांच्या ड्रायरचं आणि सबंध प्लँटचं. मग तिन्ही जोडली. दाणा सुकला की त्याने ड्रायरला सांगायचं, ड्रायरने प्लँटला, आणि प्लँटने आपोआप ड्रायरखालची झडप उघडायची. माणसाचं कामच संपलं!

प्लँट मॅनेजरची खुर्ची रिकामी होती. ती कुणाला द्यायची हे ठरवायला हेड ऑफिसच्या समिधा मॅडम सोमवारी येणार होत्या. मी नव्या व्हिजिटिंग कार्डाचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

ड्रायरवर जानूभाऊ. कोळीवाड्यातला माणूस. तीस वर्षं पावडर मुठीत दाबून बघतो. गोळा झाला नाही तरच माल खाली सोडतो. हा गावठी प्रकार मी बंद केला.

"सोमवारी हात लावायचा नाही, जानूभाऊ. चाळीस मिनिटांत माल सुका!"

"चार तास लागतात, साहेब. तुमी दाना कुठं सुकवला?"

"लॅबमध्ये. एसीत. मायक्रोस्कोपखाली!"

"येकच?"

"एकच. पण अचूक!"

जानूभाऊ हसला. "आमच्या वाड्यात मासली सुकवते त्या काशीबायला इचारा. येक बोंबील बांबूवर टांगला तं सुकतो. टोपलीभर ढीग घातला तं कुजतो. तोच बोंबील, तोच वारा!"

"हे विज्ञान आहे, मासळी नाही," मी म्हणालो. काय रुबाब होता माझा तेव्हा!

सोमवारी मॅडमसमोर ड्रायर सुरू केला आणि चाळिसाव्या मिनिटाला स्क्रीनवर तीन हिरवे दिवे लागले. झडप उघडली. खाली काहीच पडलं नाही! ओला माल पाइपात श्रीखंडासारखा घट्ट बसला होता.

"पावडर कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"सुकली आहे," मी स्क्रीन दाखवला.

माल येत नाही म्हणून प्लँटने ड्रायरला विचारलं, सुकलंय ना? ड्रायरने दाण्याला विचारलं. दाणा म्हणाला, मी तर कधीच सुकलो! झालं. खालच्याची सही बघून वरच्याने सही ठोकली, आपल्याकडे फायली पुढे जातात तशी. माल सुकलाय, झडपही उघडी आहे, म्हणजे ड्रायर रिकामा झालाय असं समजून प्लँटने वरून आणखी दोन टन सोडले!

"बंद करा, साहेब!" जानूभाऊ ओरडला.

"थांबा! इकडे सगळं हिरवं आहे!"

"हितं सगलं लाल हाय!"

मी धावत जाऊन पाइपाचं झाकण उघडलं. नको होतं उघडायला. पहिला लोंढा माझ्यावर आला, दुसरा माझ्यामागून आलेल्या मॅडमच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर. जानूभाऊने बटण दाबून सगळं थांबवलं. मग शांतपणे माझ्या खांद्यावरचा चिखल मुठीत घेऊन दाबला.

"अजून तीन तास, साहेब."

मॅडमनी चष्मा पुसला. तो आणखीच लाल झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी जिभेला राहवेना. "मॅडम, त्या खुर्चीचं..."

"एका दाण्यावरून तुम्ही थेट प्लँटवर उडी मारलीत," त्या म्हणाल्या. "आधी एक बादली सुकवून दाखवा."

त्याला आता तीन आठवडे झाले. खुर्चीवर दुसरंच कुणी बसलंय. माझ्या बादलीची प्रगती मात्र उत्तम आहे. वरचा थर तर जवळजवळ सुकलाच!