सासरेबुवांची हरकत

"पैज लावा! तीन वर्षांत लोक मला डॉक्टर म्हणणार!" आरंभशूराने जाहीर केलं, आणि घरात कोणीही पैज लावली नाही.

आरंभशूर हे नाव त्याला सासरेबुवांनी ठेवलेलं. ते हेडमास्तर! त्यांचा शिक्का एकदा बसला की कपाळावरच. जावयाची गिटार तीन सुरांवर थांबली होती, पोहणं तलावाच्या पायरीवर आणि न्हाणीघराचा रंग अर्ध्या भिंतीवर. दोन वर्षांपूर्वी डोळे मिटता मिटता ते लेकीला म्हणाले होते, "माणूस सोन्यासारखा आहे, पण हातातलं काही तडीस नेणार नाही. माझं लक्ष असेल!"

ते शब्द जावयाला फार लागले होते. म्हणून आता ही दूरशिक्षणाची डॉक्टरेट, माहिती प्रणाली या विषयात. कार्यालयं नव्या प्रणाली वाजतगाजत आणतात आणि अर्ध्यावर का सोडतात, यावर तो संशोधन करणार होता. अनुभव दांडगा होता!

प्रवेशाची मुलाखत दुपारी, संगणकावर. पडद्यावर चकाकी नको म्हणून त्याने खिडक्या लावून घेतल्या. खोलीत तळघरासारखा अंधार झाला. उकडायला लागलं, तसा टेबलफॅन लावला. मागे कपड्यांचा ढीग होता, तो झाकायला संगणकातलं ग्रंथालयाचं खोटं चित्र पाठीमागे लावलं. स्वतःचं तोंड दिसलं की त्याची बोबडी वळायची, म्हणून पडद्यावरची आपली चौकटही स्वतःपुरती बंद करून टाकली.

समोर एक प्राध्यापिकाबाई आणि एक जाड चष्म्याचे सर.

"घरच्यांचा पाठिंबा आहे ना?" बाईंनी विचारलं.

"पूर्ण!"

"मग ते 'नाही' का म्हणतायत?"

"कोण?"

"तुमच्या मागचे गृहस्थ. मान हलवतायत."

त्याने वळून पाहिलं. कपडे, खुर्ची, भिंत. बायको तर स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

"मागे कोणी नाही, मॅडम."

बाईंचा चेहरा उतरला. सर पडद्याच्या अगदी जवळ आले. "आहेत. पुस्तकांच्या मधोमध. धड दिसत नाही, नुसतंच डोकं आहे."

आरंभशूराच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"रोज दोन तास अभ्यास कराल?" बाईंचा आवाज कापत होता.

"न... नक्की!"

"नाही म्हणतायत," सर म्हणाले.

"आधी काही अर्धवट सोडलंय?"

"छे छे! कधीच नाही!"

"आता तर जोरात हलवतायत!" सर कुजबुजले. "आणि अहो, त्यांची पापणी लवत नाहीये."

त्याने आपली चौकट सुरू केली. पुस्तकांच्या कपाटात पांढऱ्या मिशा, करडे डोळे... सासरेबुवा! सावकाश डावीकडे. सावकाश उजवीकडे.

"बाबा!" त्याने अशी किंकाळी फोडली की बायको ओल्या हातांनी धावत आली. तिने पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली.

"अरे, बाबांचा फोटो तो! दोन वर्षं त्याच खिळ्याला आहे, तुला दिसेल तर शपथ! संगणकाने भिंत पुसली, कपडे पुसले, पण चेहरा बघून बाबांना जिवंत माणूस समजला. आणि फॅनच्या वाऱ्याने हलतायत ते!"

तिने फॅन बंद केला. डोकं थांबलं. चौघांनीही सुटकेचा श्वास सोडला.

"आता खरं सांगा," बाई म्हणाल्या. "पूर्ण कराल?"

उत्तर पाठ होतं. पण पाठीवर ते करडे डोळे जाणवत होते, आणि त्याच्याने खोटं बोलवेना.

"खात्री नाही, मॅडम. आजवर मी काहीच पुरं केलेलं नाही. पण एकदा तरी करायचंय. त्यांना दाखवायला."

बायकोचं हसू थांबलं. तिने ओला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. फोटो जागचा हलला नाही.

"त्यांची हरकत दिसत नाही," सर म्हणाले. "प्रवेश दिला!"

झालं! आरंभशूराला आभाळ ठेंगणं झालं. "उद्या पहाटे पाचलाच अभ्यासाला बसतो!"

खर्रर्र...

मागे फोटोची लाकडी चौकट भिंतीवर घासली. पडद्यावरचे दोघे खुर्चीसकट मागे सरकले. बायकोने फॅनकडे पाहिलं. फॅन बंदच होता.

"सहाला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

खर्रर्र...

"बरं, बरं! चहा झाल्यावर!"

आवाज थांबला.